तरुण संघाची मुंबईतली मिशन ट्रिप आणि निर्वासित कुटुंबं: १८ जणांना आणण्याआधी

जय ख्रिस्त ब्रदर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नगरच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा तरुण संघ, १८ मुलंमुली, मे महिन्यात ७ दिवस मुंबईत येऊन निर्वासित कुटुंबांची सेवा करायची, डोई ३,५०० रुपये जमलेत, रेशन किट आणि टी-शर्ट जवळजवळ ठरलेत. तुम्ही विचारताय की कुठल्या वस्तीत जावं, काय न्यावं आणि सुवार्ता सांगता येईल का. मी मुंबईत एका मराठी मंडळीत तरुण संघ बघते, १२-१३ वर्षं झाली, आणि त्यातूनच आश्रयाला आलेल्या कुटुंबांसाठी आमचा एक वर्ग सुरू झाला. आठवड्यातल्या दोन दुपारी, बायकांना बाजारहाटापुरतं हिंदी आणि मुलांना शाळेचा अभ्यास. बाहेरगावचे ग्रुप आमच्याकडे आले, चांगलेही अनुभव आले आणि काही असे आले की अजून आठवलं तरी वाईट वाटतं, त्यातूनच हे लिहिते. थोडं लांबेल.

आधी वस्तीचं. अशी एक वस्तीच मुंबईत नाही. दिल्लीच्या मानाने इथे ही कुटुंबं खूप कमी आहेत आणि विखुरलेली आहेत, एका बिल्डिंगमध्ये एक घर, पुढचं घर तीन स्टेशनं सोडून. आणि जिथे आहेत ते मी इथे लिहिणार नाही, कृपा करून तुम्हीही कुठे लिहू नका. कारण सांगते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. पूर्वी १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट होता, आता २०२५ चा नवा इमिग्रेशनचा कायदा आहे, त्यात माणूस परदेशी आहे की नाही एवढंच बघतात, तो जीव मुठीत धरून आलाय की फिरायला, हा वेगळा कप्पा नाही. काहींकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं कार्ड असतं, त्या संस्थेचं इथलं मुख्य काम दिल्लीच्या ऑफिसातून चालतं, पण ते कार्ड दाखवून बँकेत खातं उघडेल किंवा घरमालक भाडेकरार करेल असं नाही. बहुतेकांकडे आधार नसतं, आणि आधार नाही म्हणजे सिम कार्डापासून अडतं हे तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे ही माणसं कुणाच्या नजरेत न भरता राहायला शिकलेली असतात, आणि तिथे एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली १८ मुलं एकदम गल्लीत शिरली तर पुढे दोन महिने शेजारी त्या घराकडे बघत राहतात.

दुसरं, निर्वासित म्हणजे नक्की कोण, हे मुलांना आधीच नीट सांगा, कारण सगळ्यांची गरज सारखी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर निघालेलं अफगाण घर वेगळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतल्यावर निघालेलं तिथल्या चिन जमातीचं घर वेगळं, ते बऱ्याचदा आपल्यासारखंच ख्रिस्ती असतं आणि आपल्यापेक्षा जास्त गीतं त्यांना पाठ असतात. मे २०२३ पासून मणिपूर सोडावं लागलेली कुटुंबं तर भारताचीच नागरिक आहेत, त्यांना निर्वासित म्हटलं की ती दुखावतात आणि बरोबरच आहे. त्यांच्याकडे आधार आहे, मतदान कार्ड आहे, घर नाही. कुणाला कागदांची अडचण, कुणाला भाषेची, कुणाला फक्त हे हवं असतं की कुणीतरी रविवारी जेवायला यावं. तुमचा ग्रुप कुठल्या घराशी जोडला जाणार यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून काय न्यायचं हे आत्ताच ठरवू नका.

आता किटचं. एका वर्षी बाहेरून आलेल्या ग्रुपने फार प्रेमाने किट आणले होते, पोहे, साबुदाणा, तूरडाळ, गूळ, तेलाची पिशवी. मुलांनी स्वतः बसून पॅकिंग केलं होतं, आत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या होत्या. पुढच्या मंगळवारी मी एका अफगाण ताईंकडे गेले तर त्यांनी पोहे दुधात तासभर शिजवले होते, साखर घातली होती, आणि लहान मुलाला चमच्याने भरवत होत्या, तो तोंड फिरवत होता. साबुदाण्याची पिशवी तशीच खिडकीत ठेवलेली, त्यांना वाटलं साबणाच्या पावडरीतला प्रकार आहे. मला म्हणाल्या, बाजी (ताई), ये कैसे पकाते हैं, हमने सोचा पूछेंगे तो बुरा लगेगा. त्यांना हवा होता लांब दाण्याचा तांदूळ, काबुली चणे, ग्रीन टी आणि मुलीसाठी सॅनिटरी पॅड. कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे किट बंद. आम्ही घरच्या बाईला विचारतो की तुमचं सामान कुठल्या दुकानातून येतं, आणि तिची हरकत नसेल तर त्या किराणावाल्याच्या वहीतली उधारी भरतो किंवा पुढे थोडी रक्कम जमा ठेवतो. ती स्वतः जाते, स्वतः निवडते, दुकानदार तिला गिऱ्हाईक म्हणून ओळखतो. बायबलमधली रूथची गोष्ट मुलांना यासाठी परत वाचायला सांगा. शेताचा मालक बवाज, त्याने तिच्या पदरात धान्य ओतलंच पुढे, पण त्याआधी त्याने मजुरांना सांगून ठेवलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गळू द्या, तिला वेचू द्या, बोलू नका. ती मवाबी, परकी, आणि सरवा वेचून स्वतःच्या हाताने सासूसाठी धान्य घरी घेऊन गेली. माझ्या मते मदत कशी करावी याचा इतका बारीक विचार दुसरीकडे सापडत नाही.

फोटोंबद्दल मी कडक आहे आणि त्याला कारण आमचीच चूक आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने, अगदी चांगल्या मनाचा मुलगा, एका घरातल्या दोन लहान भावांबरोबर सेल्फी काढून स्टोरी टाकली, खाली एरियाचं नाव आणि निर्वासित मुलांबरोबर वेळ घालवला असं काहीतरी. ती फिरत फिरत घरमालकाच्या भाच्यापर्यंत गेली. मालकाने त्यांना परदेशी आहेत एवढंच माहीत असून खोली दिली होती, आता त्याला भीती वाटली की पोलिसांची चौकशी लागेल. ११ महिन्यांचा करार संपायला वेळ होता तरी महिन्याभरात त्यांना खोली सोडावी लागली, दोन्ही मुलांची शाळा ऑक्टोबरात तुटली. त्या मुलाने नंतर खूप रडून माफी मागितली, त्या घरच्या माणसाने त्याला जवळ घेतलं, पण खोली गेली ती गेलीच. मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होण्याचा धोका वेगळाच, आणि कुणी तिकडचा धर्म सोडून प्रभूकडे आलेला असेल तर एक फोटो त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आमच्याकडे वर्गात शिरताना सगळ्यांचे मोबाईल एका डब्यात जातात, माझाही. मंडळीला अहवाल द्यायचा असेल तर तोंडी द्या, नावं आणि जागा न सांगता. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसरात (इजिप्तला) पळाले तेव्हा तिथे कुणीतरी त्यांना आसरा दिलाच असेल ना, त्या माणसाचं नाव शुभवर्तमानात नाही. तरी त्याचं काम झालंच.

सुवार्तेबद्दल तुम्ही सरळ विचारलंत म्हणून मीही सरळ सांगते. मला येशूबद्दल बोलायला लाज वाटत नाही, आणि घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला आपला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क दिलाय. पण ज्या माणसाला तुमच्या हातातली पिशवी हवी आहे तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या हो ला काय अर्थ राहिला? मदत आणि उपदेश एका भेटीत एकत्र आणू नका. पत्रकं नाहीत, नवा करार किटमध्ये घालणं नाही, लहान मुलांना आईबापाच्या नकळत गाणी शिकवणं तर अजिबात नाही. कुणी स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या, थोडक्यात. मला हा प्रश्न एका आजोबांनी तिसऱ्या वर्षी विचारला, तिसऱ्या, आणि आम्ही दोन तास बोललो, मग त्यांनी नमाज पढली आणि मी घरी आले. घरात जाण्याआधी मनात प्रार्थना करा, मोठ्याने हात ठेवून करायची असेल तर आधी परवानगी घ्या. आणि हेही लक्षात ठेवा की धर्मांतराचा नुसता संशय जरी उठला तरी तुम्ही सातव्या दिवशी एसटीत बसून माळशेज घाटाने घरी जाल, त्याचं उत्तर ते कुटुंब देत बसेल.

तुमच्या मेसेजमध्ये दोन परदेशी पाहुणे सोबत येतील असंही होतं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला इथे प्रचाराचं काम करता येत नाही, त्यामुळे त्यांना या कामात घेऊ नका, त्यांना मंडळीत भेटायला आणा. तिकडून पैसे पाठवतो म्हणाले तरी पाळकांच्या किंवा कुणाच्या सेव्हिंग खात्यात घेऊ नका, परदेशी देणगी एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. यात मधला रस्ता नाही.

मुलांची तयारी करून घ्याल तेव्हा दोन गोष्टींवर वेळ द्या. एक म्हणजे प्रश्न. आपल्या मुलांना कुतूहल असतं, बॉम्ब पडताना बघितलास का, तुझे बाबा कुठेत, असं विचारून बसतात. विचारायचं नाही. त्याने सांगितलं तर ऐकायचं, खोदायचं नाही. एखाद्या लहानग्याने मारहाणीचं किंवा अंगाला हात लावण्याचं काही सांगितलं तर त्याच दिवशी जबाबदार मोठ्या माणसाला सांगायचं, पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर सगळ्यांना पाठ हवा. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, दोन मोठे कायम.

दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द, बघतो. आपण मराठी माणसं नाही म्हणता येत नाही म्हणून बघू, बघतो म्हणतो आणि समोरच्यालाही कळतं की हे नाहीच आहे. परक्या माणसाला ते कळत नाही. आमच्या एका कॉलेजच्या मुलाला एका गृहस्थांनी विचारलं की कॅनडाला जायचं काही होईल का, हा म्हणाला मैं देखता हूँ भैया. ते तीन महिने फोनची वाट बघत होते. मला भेटल्यावर विचारायचे की तो मुलगा कॉलेजात बिझी आहे का, त्याला त्रास नको, फक्त एकदा विचारा. व्हिसा, नोकरी, पैसे, दुसऱ्या देशात पाठवणं, यातलं काहीही आपल्या हातात नाही, ये मेरे हाथ में नहीं है हे वाक्य १८ ही मुलांकडून पाठ करून घ्या.

इथपर्यंत सगळं काय करू नका हेच झालं, म्हणजे वस्ती शोधू नका, किट नको, टी-शर्ट नको, फोटो नको, आश्वासन नको. मग करायचं काय? यावर मला खरं बोलायचंय, आणि तुमच्या मुलांकडे असं काहीतरी आहे जे मुंबईच्या मुलांकडे कमी आहे.

ही कुटुंबं इथे आली की मुलांना शाळेत घालतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. म्हणजे १० वर्षांचा मुलगा थेट पाचवीत. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा ८ माध्यमांच्या आहेत, त्यामुळे उर्दू किंवा इंग्रजीत काहीतरी जमतं. पण मराठी विषय सगळीकडे आहे, २०२० च्या कायद्याने तो राज्यातल्या सगळ्या शाळांना सक्तीचा झाला, आणि तिथे ही मुलं अडकतात. घरात मराठीचा एक शब्द नाही, शेजारी हिंदी बोलतात, ट्यूशन परवडत नाही.

आमच्याकडे एक मुलगा आला तेव्हा त्याची भाषा दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, ती उजवीकडून डावीकडे लिहितात. त्याने वही मागच्या पानापासून उघडली. मी क काढून दाखवला, तर त्याने आधी पट्टीने उजवीकडून डावीकडे लांब रेघ मारली, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर खाली लटकवत गेला, दोरीवर कपडे वाळत घालतात तसं. ळ त्याला म्हणताच यायचा नाही, बाळ चा बाल व्हायचा, आणि तो दर वेळी आपल्या जिभेला बोट लावून परत प्रयत्न करायचा. माझ्याकडे तेव्हा तीन मुलं मदतीला होती, तिघंही इंग्लिश मीडियमची, त्यांचं स्वतःचं मराठी बोलण्यापुरतं, वेलांटीत गोंधळ. तेव्हा मला तुमच्यासारख्या गावांकडच्या तरुण संघांची आठवण झाली होती. तुमची मुलं मराठी शाळेतून आलीत, बालभारतीच्या कविता त्यांना अजून चालीत येतात. हीच तुमची सेवा आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ७ दिवस हे मधलं स्टेशन धरा. १८ पैकी ६ जण या, ३ मुली ३ मुलगे, १८ वर्षांवरचे, सोबत दोन मोठे. मे महिना तसा चांगला आहे, उकाडा मरणाचा असतो पण शाळांना सुट्टी असते, मुलं घरी असतात, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रवेशाची, कपड्यांची, वह्यांची धावपळ असते तिथे हात लागतात. सकाळी वर्गात दोन तास मराठी, दुपारी दोघं-दोघं आमच्या एका माणसाबरोबर एका घरी. जाल तेव्हा रिकाम्या हाताने चहा प्यायला जा. त्या घरात १० बाय १२ च्या खोलीत तुम्हाला गालिच्यावर बसवतील, वेलची घातलेला ग्रीन टी आणि काचेच्या वाटीत चॉकलेट ठेवतील, नाही म्हणू नका. देश सोडल्यापासून त्यांच्याकडे सगळे काहीतरी द्यायला नाहीतर तपासायला येतात, त्यांच्याकडून काही घ्यायला कुणी येत नाही.

एक संध्याकाळ मुलांना फाळणीत आलेली माणसं जिथे वसली तिथे, चेंबूर कॅम्पात किंवा सायनजवळ जीटीबी नगरला फिरवून आणा, जमलं तर उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधहून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिले आणि १९४९ साली त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आज तिथून आपण जीन्स आणतो. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे ५,००० लोक कॅम्पात होते, बहुतेक बायका आणि मुलं. निर्वासित हे कुणाचं कायमचं नाव नसतं हे मुलांना डोळ्यांनी दिसलं की त्यांच्या बोलण्यातला कीव येण्याचा सूर आपोआप जातो, मी हे बघितलंय.

उरलेल्या १२ जणांचं काय, त्यांना वाईट वाटेल, मला कळतंय. पण खरं काम त्यांचंच आहे. दर शनिवारी अर्धा तास फोनवर एका मुलाला मराठी, धडा वाचून घेणं, शुद्धलेखन, ळ आणि ण. मुलाशी बोलणं आईच्या फोनवरून, आई बाजूला बसलेली, आणि तुमच्याकडूनही एक मोठं माणूस ग्रुपमध्ये. वर्षभर. मध्येच सोडणार असाल तर सुरूच करू नका, कारण या मुलांनी माणसं अचानक नाहीशी होताना आधीच बघितलीत. पैशाचंही गणित बसतं, डोई ३,५०० प्रमाणे १८ जणांचे ६३,००० होतात, ६ जणांचा खर्च २१,००० धरला, दोन मोठ्यांचा ७,०००, तरी ३५,००० उरतात. ते जूनसाठी ठेवा, शाळेचे बूट, दप्तर, लोकलचा पास, आणि वर्षभराचं फोनचं रिचार्ज. हे आकडे तुमच्या अंदाजावरून मांडलेत, राहायची सोय मंडळीत झाली तर अजून वाचतील.

मुंबईत जी मंडळी किंवा संस्था आधीपासून हे काम करते तिच्या हाताखाली या, आमच्याच असं नाही. कुणीच घ्यायला तयार नसेल तर या वर्षी येऊ नका, फोनचा वर्ग मात्र तरीही सुरू करता येतो. या रविवारी उपासनेनंतर मुलांना उभं करून विचारा की वर्षभर शनिवारचा अर्धा तास कोण देईल, आणि लगेच हात वर करायला लावू नका, एक आठवडा विचार करू द्या. मग जेवढी नावं नक्की होतील तेवढी मला कळवा, सोबत वय आणि कुणाला हिंदी बरं येतं ते. दोन म्हणालात तर दोन. रेघेला अक्षरं लटकवणारा तो मुलगा आता सातवीत गेलाय, ळ नीट म्हणतो, त्याला निबंधासाठी कुणीतरी हवंय.